ड्रमडाऱ्याचा ओक

आमच्या सौ.च्या मामांइतका गावांच्या नावांमागे हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये सापडायचा नाही. उत्तर आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात त्यांनी हाडं जोडण्यात उमेदीची वर्षं घालवली. पण पेशंट कण्हत आला तरी मामांचा पहिला प्रश्न ‘कुठं दुखतंय?’ नसे, ‘टाऊनलँड कुठलं?’ असे. टाऊनलँडमध्ये टाऊन शोधू नये. पाच-सहा शेतं, एखादी टेकडी, हद्दीला ओढा; थोडक्यात आपलं शिवार. पण शेकडो वर्षांपूर्वीचं, आणि प्रत्येकाला जुनं गेलिक नाव. कुणी ‘बॅलीनॉक’ म्हणालं की प्लास्टर घालता घालता मामा सांगत, “बॅली म्हणजे वस्ती, नॉक म्हणजे टेकडी. तू आमच्याकडे असतास तर टेकडीवाडीकर झाला असतास!” पाय मोडून आलेला माणूस आडनाव घेऊन घरी जाई.

मामांचं स्वतःचं घर ड्रमडारा नावाच्या टाऊनलँडमध्ये. ड्रम म्हणजे टेकडीची लांबट पाठ, डारा म्हणजे ओकची. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळं शिवार पालथं घातलं, पण ओक औषधालाही मिळाला नाही. एव्हाना मामी गेल्या होत्या. इंग्लंडात मिल्टन कीन्स या नव्या, आखीव शहरात राहणारा मुलगा ‘बाबा, आता इकडे या’ म्हणून मागे लागला होता. मामांची समजूत घालायला मला धाडलं गेलं.

“जावईबापू, तिथे रस्त्यांना एच सिक्स, व्ही सेव्हन म्हणतात. त्यांचा अर्थ मी कुणाला विचारू?” मामा म्हणाले. मग जरा थांबून, “एक ओक लावतो, तो जगला की येतो. गावाचं नाव खोटं ठेवून कसं निघू?”

शेजारच्या शेतकऱ्याच्या वाटेवर, वळणावर रोप लागलं. ते त्याच्याच गाईंनी खाल्लं. मामांनी फोनवर ही बातमी इतक्या उत्साहाने दिली की मुक्काम वाढल्याचा आनंद लपेना. शेतकऱ्याने दुसऱ्या रोपाला मात्र स्वतः कुंपण घातलं, आणि ते जगलं. मामा शब्दाला जागून निघाले.

मिल्टन कीन्सला ते गप्पगप्प असत. शेजारी कुठले, हेसुद्धा विचारीत नसत. मला फार वाईट वाटे. एका रविवारी मी तिथे असताना शेतकऱ्याचा फोन आला. घर तापवायच्या तेलाचा टँकरवाला भलतीकडेच गेला म्हणून तो वैतागला होता. “अहो डॉक्टर, इथे आता सगळे ‘डॉक्टरच्या ओकपाशी डावीकडे वळा’ असंच सांगतात. पण झाड गुडघ्याएवढं, नवख्याला दिसणार कसं?”

मामांनी फोन ठेवला. ‘डॉक्टरचा ओक’ या नावाचा उगम मात्र त्यांनी कुणाला सांगितला नाही.