शहाडला, वरचा वारा मोजायला

एप्रिलमध्ये लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. नव्वदच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये मी नौपाड्याहून शहाडला गेलेलो. कारण भाची मेघना. तिथे नदीकाठच्या मोकळ्या जागेत तिच्या संस्थेने खांब आणि तारा उभारून रडार बसवलं होतं. शंभरेक किलोमीटर वर वारा कसा वाहतो, विद्युतक्षेत्र केवढं असतं, ते त्यावर मोजायचं. घरी मला पंख्याचा वारा लागत नव्हता, त्यामुळे वरच्या वाऱ्याची चौकशी करायला मी लगेच तयार झालो.

यंत्र दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. तोपर्यंतच्या नोंदींत आसपासच्या कारखान्यांतल्या मोटारींची खरखरच जास्त. स्वच्छ नोंद मिळाली नाही तर मेघनाचा प्रबंध अडणार. म्हणून संस्थेने शुक्रवार निवडला, आपल्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीचा.

स्कूटरने मुंब्रा, शिळफाटा, डोंबिवली, कल्याण असे गेलो. खड्डे चुकवायच्या भानगडीत पडू नका, एक चुकवला की पुढच्याचा अपमान होतो. डोंबिवलीत मिसळ जरूर खा, तीही शुक्रवारी. रसायनांचा वास सुट्टीवर असतो, मिसळीला स्वतःचा वास येतो.

रडार लहरी वर सोडतं आणि तीन ठिकाणी त्यांचा प्रतिध्वनी पकडतं. त्यातला एकच हेलकावा आधी कुठे, मग कुठे पोचला, त्यावरून वारा कळतो. आणखी वरच्या थरातले विद्युतभारित कण कसे सरकतात, त्यावरून विद्युतक्षेत्र. मेघना बोलत होती तोवर मला सगळं समजत होतं.

तेवढ्यात वीज गेली. कारखाने बंद म्हणून दुरुस्तीही शुक्रवारीच निघते, हे बाहेरगावच्या संस्थेला कोण सांगणार? परत येणार संध्याकाळी. मेघनाने घड्याळ पाहिलं. "दुपार गेली की वरचा थर विरायला लागतो, मामा."

जागेच्या मालकीण पार्वतीबाई सरबत घेऊन आल्या. शेजारीच त्यांच्या मुलीच्या हळदीचा मांडव होता, त्यात माइकसाठी डिझेलचा जनरेटर. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, रडारला त्याचा त्रास नाही. पण मागायचा कसा? मी मनात भाषण जुळवत होतो. बाईंनी मेघनाचा चेहरा पाहून कारण विचारलं आणि जनरेटर इकडे आणायला सांगितला.

त्यांचा भाऊ कुरकुरला. लग्नाची गाणी म्हणायला धवलारीण बोलावलेली, तिचा आवाज गावभर कसा जाणार?

"ती काय माइक घेऊन जन्माला आली रं?" बाई म्हणाल्या. "आपली पोर उद्या नांदायला जाईल. हीनं रिकाम्या हातान घरा जावाचा का?"

जनरेटर सुरू झाला. कागदावर तीन पेनं हलायला लागली. एकाने काढलेला हेलकावा जरा वेळाने दुसरं काढायचं, मग तिसरं. मेघना त्यावर बोट फिरवत होती. मांडवात धवलारीण उघड्या गळ्याने गात होती आणि ऐकू यावं म्हणून बायका सरकत सरकत तिच्याभोवती दाटल्या होत्या.

"मिळालं, मामा," मेघना म्हणाली आणि मला घेऊन थेट मांडवात गेली. परतताना हळदीने दोघंही पिवळी.

त्या नोंदींवर तिचा प्रबंध पुरा झाला. विद्युतक्षेत्र मला आजही समजावून सांगता येणार नाही. हळदीतल्या कर्ण्यांवर मात्र एक झणझणीत लेख लिहायचा, असं मी कितीदा ठरवलं. दर वेळी पार्वतीबाई आठवतात आणि पहिल्या ओळीलाच पेन खाली ठेवतो.