तात्यांना सांगितलेला शेवट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून लपवलेलं तसं आता फारसं काही उरलेलं नाही.

गोष्ट क्षुल्लक वाटेल. एका पिक्चरचा शेवट मी खोटा सांगितला, एवढंच. पण कुणाला सांगितला—इथे जीभ अडखळते, म्हणून जरा लांबून येतो.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी कराडच्या एका थेटरात ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर रिळं चढवायची. वडील—आम्ही त्यांना तात्या म्हणायचो—फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांनी मला भरतीसाठी सातारला धाडलं. मी मैदानाकडे फिरकलोच नाही. सरळ कराडची एसटी धरली आणि थेटरात चिकटलो. नंतर गावी गेलो, तेव्हा भर चावडीत ते मला पळपुटा म्हणाले. त्यानंतर चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. गाव तासाभरावर, पण मी पुन्हा गेलो नाही. चूक कुणाची? तेव्हा मला अगदी पक्कं ठाऊक होतं.

मग तो पिक्चर लागला. बापलेकाचं भांडण होतं, मुलगा घर सोडतो. बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या, मी मात्र मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी नीट जळतेय ना, तेवढंच बघायचो. शेवटी मुलगा परत येतो. बाप ओट्यावर बसलेला असतो—बोलत काहीच नाही, नुसता सरकून शेजारी जागा करून देतो. दिवसातून तीनदा मी हे बघत होतो.

एका बाजाराच्या दिवशी, दुपारच्या खेळाला तात्या आले. केबिनच्या झरोक्यातून मला त्यांचा फेटा दिसला. जन्मात पिक्चर न पाहिलेला माणूस. ते कशासाठी आलेत, हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं.

पण गावाकडची शेवटची गाडी पावणेसहाला, आणि खेळ सुटायचा सहाला. साडेपाचला ते लोखंडी जिना चढून केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, हातात बाजाराची पिशवी. चार वर्षांत पहिल्यांदा बोलले—

"गाडी हाय माजी. शेवटाला काय हुतं रं? पोरगं येतं का घरला?"

मी मशीनवरची नजर काढली नाही. "न्हाई," म्हणालो. "येत न्हाई."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग "बरं" म्हणाले आणि जिना उतरले. हाक मारता आली असती. मी शेवटचं रीळ चढवलं. आणि—हेही लिहायलाच हवं—त्या घटकेला मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी तात्या गेले. तोवर मी गावी गेलो नव्हतो आणि ते पुन्हा थेटरात आले नव्हते. वर्षश्राद्धाला आक्का, माझी थोरली बहीण, सहज बोलून गेली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गावात पुष्कळांनी तो पिक्चर पाहिलेला. लोक म्हणायचे, आवं तात्या, शेवटी येतंय की पोरगं. तर तात्या त्यांच्याशी हातघाईवर यायचे—

"तुमाला काय कळतंय? माजं पोरगं रोज दावतंय त्यो पिच्चर. त्येला जास्त म्हाईत का तुमाला?"

आक्का हे हसत सांगत होती. मी तिला खरं सांगितलं नाही. मीही हसलो.