चोरीला गेलेल्या डाय आणि तीन पानांची वेबसाईट

नोकरीत कितीतरी गुन्हे हाताखालून गेले. निम्मे विसरलो, काही मुद्दाम विसरलो. पण नागापूरच्या डायचा विषय निघाला की आजही मान खाली जाते. वास्तविक गुन्हा उघडकीला आला होता, मुद्देमाल मिळाला होता, वरिष्ठांनी पाठही थोपटली होती. तरी जाते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगर शहराबाहेरच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सोमवारची हजेरी उरकून खुर्चीत बसतो न बसतो तोच नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखानदार धापा टाकत आत आला. कानामागे अजून यात्रेचा गुलाल होता.

"साहेब, डाय गेल्या," एवढंच म्हणाला आणि बाकावर मटकन बसला.

डाय म्हणजे पोलादी साचे. फवारणी पंपाची झाकणं आणि पट्ट्या हा माणूस या साच्यांमध्ये पत्रा दाबून काढायचा. त्याचे आठही कामगार त्याच्याच गावचे. त्यामुळे गावची यात्रा आली की वर्कशॉपला तीन दिवस कुलूप, मालकासकट सगळे पालखीमागे. परत येऊन पाहतो तर मागची खिडकी उचकटलेली आणि मांडणी रिकामी.

"दुसऱ्या करून घ्या," मी म्हणालो. मला त्यातलं काय कळत होतं!

"सा म्हैने लागत्यात साहेब एक संच करायला. कंपनीचा माल पुढच्या म्हैन्यात द्यायचाय. आन त्या भट्टीत गेल्या तर आमी संपलो. आठ घरं हायेत माझ्यावर."

भट्टीचं नाव निघालं आणि मीही सरसावून बसलो. वसाहतीतून गेलेलं लोखंड भंगारात जातं, भंगार वितळायला जातं, आणि एकदा ते वितळलं की पंचनामा कशाचा करणार? हातात तीन-चार दिवस होते. त्यातले किती यात्रेतच गेले, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

फिर्याद नोंदवून जागेवर गेलो. चार खिडक्या, त्यांतल्या तीन खिडक्यांना गज. चोर चौथ्याच खिडकीवर आले होते, आणि डायची मांडणी नेमकी तिच्याखाली होती. चाचपडल्याची खूण कुठेच नव्हती. आतली माहिती असल्याशिवाय हे होत नाही, हे नवख्या शिपायालाही सांगता आलं असतं. कामगार आठही यात्रेत होते, साऱ्या गावाने त्यांना पाहिलं होतं. बाहेरच्या कुणाला हा मालक आत पाऊलच टाकू देत नसे. साचे बघून कुणी नक्कल करील ही त्याची धास्ती. सख्ख्या मेव्हण्यालाही चहा दारात!

"मग आतून पाहिलंय कुणी?" मी विचारलं.

"वेबसाईटवाल्या मॅडम आल्त्या. फोटो काढायला." मग हळूच म्हणाला, "आपल्यातल्या न्हाईत त्या, साहेब. उगं नाद केला मी."

त्या शेवटच्या वाक्यावर त्याला तिथेच झापायला हवं होतं. मी झापलं नाही. वहीत मॅडमचा पत्ता लिहून घेतला. माहिती आणखी कुणाला दिलीत का, असं विचारलं, तर नाही म्हणाला.

शहरातल्या सावेडीत एका जिन्याखालच्या खोलीत तिचा संगणकाचा क्लास होता. तीन संगणक, दहा-बारा खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची बाई, मूळची श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. लेकीच्या क्लाससाठी म्हातारा-म्हातारी गाव सोडून नगरला राहायला आले होते.

तिने मला ती वेबसाईट दाखवली. आधी फोनच्या तारेतून शिट्ट्या आणि खरखर, मग पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरणारं चित्र. हा प्रकार मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. तीन पानं होती. पहिल्यावर माल, दुसऱ्यावर वर्कशॉपचे आतले फोटो, तिसऱ्यावर स्टॅंडपासून यायचा रस्ता, फोन नंबर आणि वेळा.

"त्यांना पहिल्या पानावर ग्रामदैवत, वडिलांचा फोटो आणि आमदारांच्या शुभेच्छा हव्या होत्या," ती म्हणाली. "मी म्हटलं, काका, ही लग्नपत्रिका नाही. गिऱ्हाईक तुमचा माल बघायला येणार. तुम्ही काय करता, कसं करता, कुठे भेटता, एवढं एका नजरेत कळलं पाहिजे."

तिसऱ्या पानावर तळाशी ठळक ओळ होती: यात्रेनिमित्त वर्कशॉप तीन दिवस पूर्ण बंद. वर तारखा. दुसऱ्या पानावरच्या फोटोत मांडणी होती, आणि मांडणीवर ती बिनगजाची खिडकी.

"हे तुम्ही टाकलंत?"

"हो. लांबून आलेला माणूस बंद दारावरून परत जाऊ नये म्हणून."

आज कळतं, की तिचं काम चोख होतं. पण त्या दिवशी माझं डोकं एकाच चाकोरीतून धावत होतं. चोरांना लागणारी सगळी माहिती या यंत्रात आहे. हे यंत्र उघडून बघणारी माणसं जिल्ह्यात मोजकी. त्यांतली एक समोर बसली आहे. खरं सांगायचं तर मला त्या पेटीचीच भीती वाटली, आणि पोलिसाला भीती वाटली की तो आवाज चढवतो.

संगणक जीपमध्ये टाकला. क्लासच्या मुली जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "उद्या दहाला ठाण्यावर या," असं तिला सांगितलं.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा कायदा मला पाठ होता. तरी मी तिला बोलावलं. ती वडिलांना घेऊन आली आणि सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसून राहिली. मधूनमधून मी आत बोलवायचो. माहिती कुणाला दिली? टेम्पोवाले ओळखीचे आहेत का? भाऊ काय करतो? सकाळी मी तिला "तुम्ही" म्हणत होतो, दुपारनंतर "तू" म्हणू लागलो. ती मध्येच काही सांगायला गेली की मी तोडायचो, "विचारलं तेवढंच सांग." रायटर खाली मान घालून विचारलं तेवढंच लिहीत होता.

निघताना म्हातारा माझ्या टेबलाशी आला. हात जोडले नाहीत त्याने. सरळ उभा राहिला.

"साहेब, कायबी इचारा. रोज इचारा. पन घरी येऊन इचारा. हितं बसलेली पोरगी लोक बघत्यात."

"तपास आहे, बाबा," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं.

त्या दोन दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. कारखानदार सकाळी यायचा आणि गेटजवळच्या लिंबाखाली दिवसभर उभा राहायचा. वरिष्ठांचा फोन दिवसातून तीनदा. तिच्याविरुद्ध माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता, आणि तरीही तिला अटक दाखवायची भाषा माझ्या डोक्यात तयार होऊ लागली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते असंच, हळूहळू आणि व्यवस्थित घडत होतं.

तिसऱ्या दिवशी खबर आली. माल वाहणारे टेम्पो उभे राहतात तिथे पंक्चर काढणारा एक जण आमचा खबऱ्या होता. तो म्हणाला, "एका टेम्पोत शिटाखाली रंगीत कागद हाय साहेब. त्येच्यावर त्या वर्कशॉपचा आतला फोटो हाय. मी जॅक काढताना बघितला."

श्रीरामपूरच्या रस्त्याला टेम्पो अडवला. कागद निघाला. वेबसाईटचीच पानं, छापलेली. यात्रेच्या ओळीखाली कुणीतरी पेनने रेघ मारली होती. तळाशी बारीक अक्षरात एक तारीख होती, तिचा अर्थ मला लागेना.

कारखानदाराला बोलावून कागद समोर धरला.

"हा कुठून आला?"

"मीच दिला की," तो सहज म्हणाला. "आपल्या गिऱ्हाइकाकडं कुठं कॉम्पुटर हाय साहेब? म्हनून धा कापी काढल्या. हार्डवेरच्या दुकानात दिल्या, साखर कारखान्याच्या ष्टोरला दिली, ट्रान्सपोर्टच्या हापिसात भिंतीला चिकटवली."

"पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, माहिती आणखी कुणाला दिलीत? नाही म्हणालात!"

"ती काय माहिती व्हय साहेब? जाहिरात हाय ती!"

ज्या माणसाने मेव्हण्याला आत घेतलं नाही, त्याने आपल्या वर्कशॉपचं पोट ट्रान्सपोर्टच्या भिंतीवर उघडं करून लावलं होतं. यात्रेच्या तारखांसकट. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पुढचं काम दोन तासांचं होतं. टेम्पोवाला फार टिकला नाही. ट्रान्सपोर्टच्या भिंतीवरचा कागद त्यानेच काढून नेला होता, सोबत दोघे हमाल. बेलापूरच्या अलीकडे एका भंगाराच्या शेडमागे उसाच्या पाचटाखाली सगळ्या डाय सापडल्या. एकीचा कोपरा गॅसने कापायला सुरुवात झाली होती. माल दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीकडे निघणार होता. पंचनामा चालू असताना कारखानदार एकेका डायवरून हात फिरवत रडत होता, आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

संध्याकाळी संगणक परत करायला मी स्वतः सावेडीला गेलो. कागद तिच्यापुढे ठेवून विचारलं, "ही खालची तारीख कसली?"

"प्रिंट काढल्याची. आपोआप येते." तिने कागद हातात घेतलाही नाही. "त्या दिवशी काकांनी इथूनच दहा प्रती नेल्या. मी तुम्हाला पहिल्या दिवशी तेच सांगत होते साहेब. दुसऱ्या दिवशीही. तुम्ही म्हणालात, विचारलं तेवढंच सांग."

ठाण्यात येऊन रायटरला विचारलं. तो म्हणाला, "व्हय साहेब, प्रिंटाचं काय तरी म्हनत हुत्या त्या दोनदा. तुमी थांबिवलं, म्हनून लिवलं न्हाई." काखेत कळसा आणि गावाला वळसा. फक्त हा वळसा मी दुसऱ्याच्या लेकीच्या अब्रूवरून घातला होता.

पुढे नोकरीत मी एक सवय लावून घेतली. जबाब घेताना शेवटी पेन खाली ठेवून विचारायचो, "मी विचारलं नाही असं काही सांगायचंय?" कितीतरी गुन्हे त्या एका प्रश्नावर सुटले. नव्या पोरांनाही तेच शिकवलं. त्यांना वाटायचं साहेब फार हुशार आहेत. ही हुशारी कुणाच्या जिवावर आली, ते मी कधी सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

तिचा संबंध नसल्याची नोंद मी स्टेशन डायरीत केली. पण स्टेशन डायरी सावेडीत कोण वाचतं? "पोलिसांनी बसवून ठेवली होती," एवढंच लोकांना ठाऊक होतं. कारखानदाराने नवं पान करायला तिला पुन्हा बोलावलं, तिने नम्रपणे नाही म्हटलं.

महिन्याभराने एका संध्याकाळी, ऐन क्लासच्या वेळेला, साध्या कपड्यांत मी तिथे गेलो. म्हटलं, मला शिकायचं आहे, माझं नाव घाला. तिने वही उघडून नाव लिहिलं. मी दारातच उभा होतो. खोलीत कुणी नव्हतं.

"कुठे बसू?" मी विचारलं.

"कुठेही बसा साहेब," ती म्हणाली. "सगळ्या खुर्च्या रिकाम्याच आहेत."