भिंगबाईंचा शेरा

चित्रकलेच्या बाईंना अख्खी शाळा भिंगबाई म्हणायची, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सव्वीस वर्षं चित्रकला शिकवून एखाद्याला काय मिळतं? बाईंना भिंग मिळालं होतं. पर्समध्ये चष्म्याच्या घराशेजारी ते असायचं, आणि पोरांनी घरून करून आणलेल्या प्रत्येक चित्रावरून ते फिरायचं.

त्याला कारणही तसंच होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाची चित्रं बाईंनी कौतुकाने शाळाभर मिरवली होती. पुढे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती पाहिली आणि शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांदेखत, हसत हसत सांगितलं की हा हात त्या मुलाच्या थोरल्या भावाचा आहे, मी त्याला कॉलेजात शिकवलंय. बाई अशा तोंडघशी पडल्या की आठवडाभर त्यांनी डबा वर्गातच बसून खाल्ला. तेव्हापासून विश्वास हा शब्द त्यांनी फळ्यावर सुलेखनापुरताच ठेवला.

या वर्षी दहावीच्या कलाविषयाला अकरा मुलं होती. प्रत्येकाने वर्षभरात आठ मोठी चित्रं करायची, ती फाइलमध्ये लावायची, आणि वर एक फॉर्म. फॉर्मवर बाईंनी सही करायची, की हे सगळं काम विद्यार्थ्याने स्वतः केलं आहे. सही नसेल तर फाइल पुढे जात नाही, आणि फाइल गेली नाही तर डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश विसरायचा. तो प्रवेश खऱ्या अर्थाने एकाच मुलीला हवा होता. तिला सगळे सुई म्हणत. आई शिवणकाम करायची म्हणून, आणि पोरगी अंगाने होतीच तशी म्हणून.

आता या सुईची गंमत अशी, की वर्गात तिचं चित्र बघवत नसे. सुरई काढायला सांगितली तर ती कलंडायची, पेला फुगायचा. आणि घरून आणलेली चित्रं बघावीत तर बघतच राहावीत. छाया इतकी अलगद, की सुरईचा थंडपणा बोटाला जाणवावा. बाईंच्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकली होती. इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

भिंग बाहेर आलं. उजव्या हाताने छायेच्या रेघा मारल्या की त्या सहसा वर जाताना उजवीकडे झुकतात, डावखुऱ्याच्या डावीकडे. सुई तर उजव्या हाताची. घरच्या चित्रांतल्या रेघा मात्र एकूण एक डावीकडे झुकलेल्या. बाईंना असा आनंद झाला की विचारू नका. शाळेचा शिपाई सुईच्याच गल्लीत राहायचा. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर कळलं की सुईचा मामा दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि डावखुरा आहे. झालं, पुढचं काही न विचारताच बाईंच्या लेखी निकाल लागला.

तरीही अन्याय नको म्हणून बाईंनी तिला एका दुपारी चित्रकलेच्या खोलीत एकटीला बसवलं आणि समोर सुरई ठेवली. सुईने कागद फळीवर आडवा फिरवला. बाईंनी तो लगेच सरळ केला. कागद सरळ ठेवा, हा त्यांच्या वर्गाचा पहिला नियम होता आणि तो तीन वर्षं सुईच्या डोक्यावर आपटला गेला होता. पोरीने तासभर खाडाखोड केली. सुरई कलंडली ती कलंडलीच, आणि रेघा झुकल्या उजवीकडे.

"मामाचा हात मामापाशी राहू दे," बाई म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत तुझी स्वतःची आठ चित्रं आण. नाहीतर सही विसर."

सुईने सुरई उचलून जागेवर ठेवली आणि दप्तर घेतलं. बाईंना तोही कबुलीजबाबच वाटला.

शुक्रवारी तिने आठ नवी चित्रं आणली. बेताची, घाबरट, पण रेघा सगळ्या उजवीकडे. बाईंनी समाधानाने मान हलवली. पण संशयी माणसाला समाधान कुठलं पचायला? इतक्या मुकाट्याने कशी कबूल झाली? रडली नाही, आई भांडायला आली नाही. फाइली सोमवारी जायच्या होत्या. फॉर्म कोराच पर्समध्ये टाकून बाई शनिवारी सकाळी थेट सुईच्या घरी गेल्या, मामाला रंगेहाथ पकडायला.

घर म्हणजे एक खोली. आई जमिनीवर बसून कापड बेतत होती. ती गडबडीने उठली, पाणी दिलं. मामाचा विषय काढला तर म्हणाली, भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी गेला त्याला चार वर्षं झाली, बाई, फोनसुद्धा करत नाही मेला.

सुई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसली होती. मशीन खाली दुमडून वरची फळी टेबलासारखी केलेली. फळी लांबीला बरी पण रुंदीला वीतभर. उभा कागद तिच्यावर मावणारच नव्हता. म्हणून कागद आडवा ठेवला होता, आणि सुई आडवी पडलेली सुरई काढत होती, उजव्या हाताने, सराईतपणे. बाईंनी मान वाकडी करून कागद मनात उभा केला. रेघा डावीकडे झुकल्या.

बाई मटकन खाली बसल्या. आणि बसल्या त्या कागदाच्या तुकड्यांशेजारी. बाही, कॉलर, पाठ. आईने बेतण्यासाठी कापलेले जाड कागद. बाहीवर अर्धी सुरई होती.

"तीच म्हणाली, ही जुनी चित्रं आता कामाची नाहीत म्हणून," आई ओशाळून म्हणाली. "तीन कापले. पाच आहेत अजून."

बाईंना रडू आलं. सव्वीस वर्षं कागदावर भिंग धरलं, पण हात कसा चालतो ते एकदाही बघितलं नाही. त्यांनी सुईला विचारलं, सांगितलं का नाहीस.

"तुम्ही ऐकणार नव्हता," सुई म्हणाली. "मग म्हटलं, तुम्हाला पटतील अशीच काढू, जमिनीवर कागद सरळ ठेवून."

फाइलमध्ये आठ चित्रं लागणार, आणि चांगली पाच उरलेली. आडव्या कागदावर एका चित्राला सुईला आठवडा लागायचा. तेव्हा पाच खरी आणि तीन शुक्रवारची. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन हात. कुठलाही परीक्षक पहिल्याच नजरेत म्हणणार, पाच दुसऱ्या कुणाची आहेत. हे बाईंइतकं कुणाला कळणार?

त्यांनी मशीनच्या फळीवर फॉर्म ठेवला आणि सही केली. सहीखाली जागा होती तिथे बारीक अक्षरात लिहिलं, की आठही चित्रं याच विद्यार्थिनीच्या उजव्या हातची आहेत, त्यांतली पाच चित्रं कागद आडवा ठेवून काढली आहेत, आणि हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मग त्यांनी ते परक्याने वाचावं तसं पुन्हा वाचलं. असा शेरा दुसऱ्या कुणी लिहिला असता, तर त्यांनी त्यावर काडीचा विश्वास ठेवला नसता.