चार बोटं अरुंद

तुमची गाडी नवी असो की जुनी, आमचे डॉक्टर आधी तिच्या चाकापुढे उकिडवे बसायचे. टायरवर आडवी बोटं टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे, "रुंद आहे, भाई. थंडीत फसवणार."

थंडी! सौदीच्या वाळवंटात, आमच्या यान्बूत! इथे जानेवारीत फार तर आम्ही एसी बंद करतो.

मंडळी, डॉक्टर दातांचे होते. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात त्यांचा आरसा, आणि हे विचारणार, "टायर केवढा आहे तुमचा?" बिचारा "आँ, आँ" करी. "तेच म्हणतो मी. रुंद!"

या सगळ्याच्या मुळाशी डॉक्टरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी होत्या. रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या भाभींना एकदा तरी बर्फ बघायचा होता. तिकडे उत्तरेला तबूकच्या डोंगरावर एखाद्या हिवाळ्यात तो पडतो आणि लगेच वितळतो. तो पडला की डॉक्टरांचा विचार सुरू. बर्फात अरुंद टायर हवा, तो खाली रुतून रस्ता धरतो. वाळूत रुंद हवा, तो वर तरंगतो. मग कुठला घ्यायचा? विचार संपेपर्यंत बर्फ संपलेला असे.

यंदा डॉक्टरांचा करार संपत होता. मग कायमचं गावी. बर्फाची बातमी आली तशा भाभी थर्मास घेऊन सरळ गाडीत जाऊन बसल्या.

"अहो, मी निघाले. तुमचं ठरलं की मागून या."

डॉक्टरांनी घाईघाईनं अरुंद टायर बसवले आणि सोबतीला मला ओढलं.

दुसऱ्या दिवशी डोंगर दिसला. माथा पांढरा. भाभींनी काच खाली करून मान बाहेर काढली. तेवढ्यात डॉक्टरांनी जवळची वाट म्हणून गाडी वाळूत घातली. अरुंद टायर खरवसात सुरी जावी तसे आत गेले. ऊन चढत होतं, आणि माथ्यावरचा पांढरा रंग आमच्यादेखत कमी होत होता.

डॉक्टर उकिडवे बसले. "चार बोटं कमी पडली, भाई."

"मग वाढवा," भाभी म्हणाल्या.

"टायर काय वाढतो?"

भाभींनी ओढणी खोचली, डोक्यातली पिन काढली आणि चाकाचा व्हॉल्व्ह दाबला. फुस्स! टायर बसला आणि पसरला.

"इथले लोक वाळूत हेच करतात. शेजारणीनं सांगितलं. तुम्ही कधी कुणाला विचारलंत?"

डॉक्टरांनी बोटं लावून पाहिली. "बरोब्बर!" म्हणाले, जणू स्वतःच वाढवलाय.

बाकीच्या चाकांचीही हवा काढली, मी ढकललं, गाडी निघाली. रस्त्यावर येताच गाडीतल्या पंपानं हवा भरली आणि वर पोचलो. दोन खडकांच्या सावलीत चादरीएवढा बर्फ उरला होता. भाभी चपला काढून त्यात उभ्या राहिल्या आणि खिदळायला लागल्या. मी फोटो काढला.

आता दोघं गावी आहेत. पार्किंगमध्ये माझ्या टायरला कुणी नावं ठेवत नाही. फोटो मात्र माझ्याकडे आहे. मध्ये भाभी हसतायत. बाजूला, कॅमेऱ्याकडे पाठ करून, डॉक्टर उकिडवे बसलेत. उजव्या हाताची बोटं बर्फात खुपसलेली. "बघा भाई, चार बोटं! अरुंदच बरोबर होता."

आणि डाव्या हातात, बर्फाला लागू नयेत म्हणून उंच धरलेल्या, भाभींच्या चपला.