सर्व्हरला लागतं तेवढंच

सर्व्हर बसवताना मी हात आखडता घेते. ज्या यंत्राने कोपऱ्यात बसून मुकाट हिशेब सांभाळायचा, त्याला रंगीत पडदा, गाणी, खेळ असली थेरं कशाला? जेवढं कमी भराल तेवढं कमी बिघडतं, आणि चोराला शिरायला फटीही कमी. हे मी गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत ऐकवते. बहुतेकांच्या डोक्यावरून जातं. कट्टा गावाजवळच्या काजू कारखान्याच्या मालकाला मात्र ते इतकं आवडलं, की त्याने ते मला परत म्हणून दाखवलं.

मालक तरुण, बापाच्या मागे नुकताच गादीवर बसलेला. काम साधं होतं. फाटकावरच्या काट्याचं वजन वायरीने थेट सर्व्हरमध्ये जाणार आणि त्याला मोबाईलवर दिसणार. आजवर ती वजनं बापाच्या काळचे कारकून काका जुन्या कॉम्प्युटरवर हाताने भरायचे. ते माझ्या समोरच्याच टेबलाशी बसले होते. पगार थांबला तर त्यांच्या घरची चूल थांबणार, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

यंत्रात काय काय भरायचं ते सुरुवातीला पडद्यावर विचारलं जातं. ज्याच्यापुढे खूण, ते आत जातं. मालक खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसला आणि एकेका नावावर बोट ठेवू लागला.

“ह्या कित्याक व्हया?”

“गाणी वाजवायला.”

“काडून टाक. हंय काय दशावतार लावूचो आसा?”

छपाई गेली, फोटो गेले. लांबून जोडायची सोय, आतबाहेर करणाऱ्यांवर पहारा आणि वजनं साठवायची जागा, एवढंच उरलं. मग डेस्कटॉप, म्हणजे तो रंगीत पडदा, आला. तो नसला तर पडद्यावर नुसती काळी पाटी; माउसने उघडायचं, भरायचं असं काहीच राहत नाही.

काका उठून आले. “तेवडा ठेव गो बाय. पडद्यार कायच नसला तर मी काम खंयसर करू? जुनो कॉम्प्युटर तर भंगारात चललो.”

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या तत्त्वाला मुरड घातली. म्हटलं, राहू दे, थोडी जागा खाईल, बिघडत काही नाही. मालक हसला.

“तूच सांगलंस ना, जितक्या कमी तितक्या बरा? जेचा काम नाय, ता फुकट जागा खाता.”

हे बोलताना तो यंत्राकडे बघतच नव्हता. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. पण यंत्र त्याचं होतं. मी खूण काढली.

आमच्याकडे होडी असो की गिरण, सुरू करायच्या आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्याने मागणं सांगायचं, बाकीच्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. कारखान्यात या होकारात सगळ्यांच्या पुढे काका. आवाज खणखणीत, मागणं पुरतं संपायच्या आत निघणारा. काजू सोलणाऱ्या बायका हात पुसत दारात आल्या. सर्व्हरचे पंखे घरघरत होते. मालकाने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान नवीन मशीन बसवल्यान हा, तेका बरकत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाची वायट नजर लागली आसात, ती वाटेक लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमच्या कारकुनान इतकी वर्सा इमानान चाकरी केल्यान, उद्यापासून तेका घराकडे सुखान बसव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या वेळी आवाज एकट्या काकांचा आला. सवयीने तोंडातून निघून गेला होता. दारातली एक बाई फिसकन हसली, मग तिच्याही ध्यानात आलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

मालक वळला. “काकानू, देवासमोर व्हय म्हणालात. आता माघार नाय.”

काकांचे हात जोडलेलेच होते. “मशीनचो आवाज लय मोठो आसा,” ते म्हणाले. “देवान आयकूक नसात.”

मालकाने नारळ फोडला आणि पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

“मी आयकलंय,” तो म्हणाला.