भुताच्या खांद्यावरचा दोरा

स्टुडिओतल्या शिंपीणबाईंनी जन्मात एकदाच सिनेमात काम केलं, तेही चादर पांघरून. झपाटलेल्या बंगल्याचा विनोदी रहस्यपट होता. भूत होणारा नट ऐन वेळी तापाने फणफणला, आणि उंची जुळते म्हणून दिग्दर्शकाने बाईंनाच मशीनवरून उठवलं. ना चेहरा दिसला, ना कुठे नाव आलं.

शिवताना तोडलेले दोरे डाव्या खांद्यावर चिकटवायची बाईंना खोड. संध्याकाळी ते वेचून काढायच्या नणंदबाई, आणि वेचता वेचता टोमणा ठरलेला. "आमच्या वहिनी सिनेमात आहेत बरं का! फक्त दिसत नाहीत." चाळीस वर्षं पाहुणे हसले. बाईही हसायच्या, पण खोटारडी ठरल्याचं दुःख मनातून जात नव्हतं. नवऱ्यानेही मरेपर्यंत "असशील गं" एवढंच म्हटलं होतं.

जुन्या थिएटरात तोच सिनेमा दुपारी लागला, तेव्हा बाई हट्टालाच पेटल्या.

"वन्सं, चला. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

"चादरीखाली कोण आहे ते कसं कळणार, वहिनी?"

बाईंनी चपला चढवल्या. खूण एकच होती आणि ती म्हणजे त्यांची चूक. शूटिंगच्या वेळी दाराच्या पडद्याआड नाहीसं होताना त्या पडद्याला एक दोरा लोंबताना दिसला आणि हात आपसूक तिकडे गेला. दिग्दर्शक केवढा खेकसला होता! तेवढाच तुकडा कापून टाकला असेल तर? मग जन्माची थापाडी. थिएटरात अंधार झाला तशा बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या.

सिनेमातले वकीलसाहेब पलंगाखाली थरथरत होते. भूत आलं, पडद्यापाशी थबकलं. वाकून त्याने दोरा चिमटीत धरला, बोटाला दोन वेढे दिले, झटक्यात तोडला, आणि तो तुकडा डाव्या खांद्यावर नीट चिकटवून ऐटीत पडद्याआड गेलं. थिएटर खो खो हसलं.

नणंदबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वळून बाईंच्या खांद्याकडे पाहिलं. सकाळच्या शिवणाचा निळा दोरा तिथे होताच. सवयीने त्यांचा हात पुढे आला, पण दोरा न काढताच त्यांनी तो मागे घेतला.

मग शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, ते भूत आहे ना, ती आमची वहिनी!"